गाल्लीपोली

गाल्लीपोली : इटलीच्या दक्षिणेस, पुल्या प्रदेशातील लेच्चे प्रांतात आयोनियन समुद्रकाठी वसलेले ऐतिहासिक बंदर. पहिल्या महायुद्धात गाजलेले तुर्कस्तानातील गॅलिपोली ते हे नव्हे. तटबंदीतले जुने शहर चुनखडकाच्या बेटावर असून पुलाने मुख्य भूमीशी जोडलेले आहे. किल्ला आणि सतराव्या शतकातील सांत आगाताचे बारोक कॅथीड्रल बहुतेक प्रवासी पाहतात. मात्र ही श्रीमंती कशातून आली, हे समजण्यासाठी जमिनीखाली उतरावे लागते.

गाल्लीपोलीचे ऑलिव्ह तेल मुख्यतः दिव्यांसाठी विकले जाई. झाडाखाली पडलेली, जास्त पिकलेली फळे गोळा करून काढलेले हे तेल आम्लता जास्त असल्याने खाण्यास कमी प्रतीचे, पण जाळण्यास उत्तम असे. लंडनसह युरोपातील मोठ्या शहरांकडे ते जहाजांनी रवाना होई. साबण आणि लोकर उद्योगातही त्याला मागणी होती. अठराव्या शतकात हा व्यापार भरात होता.

तेलाचे घाणे खडक कोरून तळघरांत केलेले होते. थंडीत ऑलिव्ह तेल घट्ट होते. भुयारात जनावरे, माणसे आणि दिवे यांच्या उबेने ते पातळ राही. खेचर किंवा गाढव गोल फिरून दगडी चाक ओढी. चेचलेला लगदा विणलेल्या गोल पिशव्यांत भरून, त्या एकावर एक रचून लाकडी मळसूत्री दाबाखाली पिळत. निथळलेले तेल कोरीव टाक्यांत निवळायला ठेवत. हंगामात मजूर महिनोन्‌महिने तिथेच खात, तिथेच झोपत. युरोपातल्या उजेडाची किंमत या लोकांनी अंधारात राहून मोजली, हे विसरता कामा नये. पालाझ्झो ग्रानाफेई या वाड्याखालचा घाणा पाहता येतो. कॅथीड्रलपेक्षाही तो आधी पाहावा.

खनिज तेल, गॅस आणि वीज आल्यावर दिव्याच्या तेलाचा व्यापार ओसरला. त्याहून ताजा घाव झाडांवरचा आहे. 2013 मध्ये गाल्लीपोलीच्या परिसरात झायलेला फास्टिडिओसा हा जिवाणू आढळला. पिकांचा रस शोषणाऱ्या एका किड्यामार्फत तो पसरतो, खोडातील पाणी वाहणाऱ्या नलिका तुंबतात आणि झाड शेंड्याकडून वाळत जाते. ओल्यारोला सालेंतीना आणि चेल्लीना दि नार्दो या स्थानिक जाती त्याला सहज बळी पडल्या. शतकानुशतकांची लाखो झाडे वाळली. आता त्या जागी लेच्चीनो आणि एफएस-17 या तग धरणाऱ्या जातींची लागवड होत आहे.