‘पोस्ट फक्त गुरुवारी’ हा नियम आला कुठून?

आमच्या जुळे सोलापुरातल्या कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नवीन माणूस आलं की आठवड्याभरात एकदा तरी विचारतंयच, हे गुरुवारचं काय लफडं आहे ओ? नियम साधा आहे. प्लंबर, वायरमन, एसीवाले, डबा देणाऱ्या काकू, क्लासवाले, कुणी असो, आपल्या कामाची पोस्ट गुरुवारीच टाकायची, एकच टाकायची, त्यात काम काय, कुठल्या भागात येता, नुसतं येऊन बघायचे किती घेता आणि नंबर स्वतःचा. न विचारता कुणाला पर्सनलला मेसेज नाही. लोकांना वाटतं अॅडमिनला हौस आहे. हौस नाही, ह्यातल्या एकेका ओळीमागं काहीतरी होऊन गेलंय, थोडं इथं, थोडं पार अमेरिकेत, म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

पूर्वी कारागीर मिळायचा तो ओळखीनं. गिरणीतला फिटर पाळी सुटल्यावर चाळीतली मोटर बघून द्यायचा, त्याची जाहिरात म्हणजे शेजारची मावशी. पेपरात छोटी जाहिरात द्यायची तर शब्दाला पैसे, त्यामुळं माणूस चार शब्दांत आटपायचा. रिक्षाला भोंगा लावून फिरायचं तर रिक्षाभाडं आणि वर परवानगीची कटकट. म्हणजे ओरडायला पैसे पडायचे आणि म्हणूनच लोक मापात ओरडायचे. माझं म्हणणं एवढंच आहे की ओरडणं जिथं जिथं फुकट झालं तिथं नंतर नियम करावा लागला, दर वेळी तेच.

पहिला किस्सा ३ मे १९७८ चा. अमेरिकेत इंटरनेटच्या आधीचं अर्पानेट होतं, सरकारी आणि संशोधनाच्या कामाचं. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या मार्केटिंगमधल्या गॅरी थर्क ह्यांनी नवीन कॉम्प्युटर दाखवायचा म्हणून एकच मेसेज जवळजवळ ४०० जणांना एका फटक्यात धाडला. लोक भडकले, वरून तंबी आली. पण त्यांच्या म्हणण्याप्रमाणं त्यातून धंदाही झाला, आणि खरी गोम तिथंच आहे, शिव्या खाऊनही गिऱ्हाईक मिळत असेल तर माणूस परत करणारच की.

मग एप्रिल १९९४. अॅरिझोनातल्या कँटर आणि सिगल ह्या वकील नवरा-बायकोनं ग्रीन कार्ड लॉटरीचे फॉर्म भरून देतो म्हणून युजनेटवरच्या, म्हणजे तेव्हाच्या चर्चेच्या जाळ्यावरच्या, हजारो गटांत तीच जाहिरात चिकटवली, गट कशाचा का असेना. गंमत म्हणजे धंद्याच्या गोष्टींसाठी तिथं ‘बिझ’ नावानं सुरू होणारे वेगळे गट आधीपासूनच होते! तक्रारी एवढ्या आल्या की त्यांना इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीची मशीनं कोलमडली. आमच्या नियमातलं ‘ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी, एकदाच’ हे ह्याच भांडणाच्या घराण्यातलं आहे.

आपल्याकडं हे एसएमएसनं आलं. नको असलेले फोन थांबवायला ट्रायनं, म्हणजे टेलिफोन कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेनं, २००७ मध्ये नियम केले, फोन नको म्हणणाऱ्यांची नोंदणी ठेवली, तरी कर्जवाले, प्लॉटवाले काही थांबेनात, मग २०१० मध्ये नवे नियम आणि सप्टेंबर २०११ मध्ये एका सिमवरून दिवसाला १०० एसएमएसची मर्यादा, जी ओरड झाल्यावर दोन महिन्यांत २०० झाली. शंभर का, तर लोक साध्या सिमवर स्वस्त पॅक मारून जाहिरातीच करत होते. भोगलं मात्र कॉलेजच्या पोरांनी.

व्हॉट्सअॅपनं तर मापच काढून टाकलं. २०१६ च्या सुरुवातीला ग्रुप १०० वरून २५६ माणसांचा झाला, त्याच सप्टेंबरात जिओ आलं, नेट जवळजवळ फुकट. आमचा ग्रुप त्याच्या पुढच्या वर्षीचा, आणि खरं सांगायचं तर तो पाण्यासाठी काढला होता. सोलापुरात नळ रोज येत नाही हे सोलापूरकराला सांगायला नको, तीन-चार दिवसांनी पाळी, उजनीकडं कुठं लाइन फुटली की अजून लांबणार, मग ‘मालक, नळ आला का?’ एवढंच विचारायला ग्रुप. जिथं पाण्याचं रडगाणं तिथं टँकरवाला येणार, मागोमाग बोअरच्या मोटरवाला, टाकी धुणारा, फिल्टर विकणारा. एका एप्रिलमध्ये पहाटे नळ आल्याचा मेसेज अशा सोळा-सतरा पोस्टींच्या खाली गेला आणि अर्ध्या कॉलनीच्या टाक्या कोरड्या राहिल्या, आमची पण. त्याच संध्याकाळी कट्ट्यावर गुरुवार ठरला. गुरुवारच का? तर त्या आठवड्यात गुरुवारी आमच्याकडं पाळी नव्हती. पुढं पाळी सरकली, गुरुवार तिथंच राहिला.

दुसऱ्याचा मेसेज फॉरवर्ड केलेला चालत नाही असाही एक नियम आहे, तो मात्र हसण्यावारी नेऊ नका. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं पाच जणांना ठार मारलं. ते भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे लोक, आपल्या मंगळवेढ्याकडचे. अफवा मोबाइलवरनं फिरलेली. देशभर असे प्रकार झाल्यावर त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढं ढकलता येईल असं केलं. आता कुणी म्हणेल प्लंबरच्या जाहिरातीचा आणि ह्याचा काय संबंध. संबंध असाय की ‘ह्या माणसाला घरात घेऊ नका’ असाही मेसेज फिरतो, खाली कुणाचं नाव नसतं आणि कुणा गरिबाचा धंदा बसतो. म्हणून चांगलं असो वाईट असो, स्वतः अनुभव घेतला असेल तरच लिहायचं, तारीख टाकून.

न विचारता पर्सनलला यायचं नाही हे बायकांनी लावून धरलं. २०१९ पर्यंत कुणीही कुणालाही परस्पर ग्रुपात ओढू शकत होतं, त्या एप्रिलमध्ये त्याची सेटिंग आली. तोवर एका क्लासवाल्यानं आमच्या ग्रुपातले सगळे नंबर उचलून आपला वेगळा ग्रुप काढलेला होता.

लॉकडाऊनमध्ये घरचा डबा, कडक भाकरी, शेंगाची चटणी, शेंगा पोळी ह्याच्या पोस्टी धडाधड यायला लागल्या. ज्यांच्या नोकऱ्या गेल्या त्यांची चूल त्यावर चालली, त्यांना थांबवणार कोण? पण कायदा असा आहे की घरून विकलं तरी एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेची, नोंदणी लागते, तेव्हा वर्षाला १२ लाखांच्या आत उलाढाल असेल तर साधी नोंदणी चालायची, फी वर्षाला १०० रुपये होती. आम्ही दोन महिने मुभा दिली, मग पोस्टीत नोंदणीचा नंबर टाकायला लावला. कुरकुर झाली, पण दोघी-तिघींना फॉर्म आम्हीच भरून दिला. डॉक्टर-वकिलांचं उलटं, त्यांना गुरुवारही नाही, कारण वैद्यकीय परिषदेचे २००२ चे नियम आणि बार कौन्सिलचा नियम ३६ त्यांना गिऱ्हाईक ओढायला जाहिरातच करू देत नाहीत. एका डॉक्टरसाहेबांना हे सांगताना माझीच जीभ अडखळली होती.

आणि ‘एक नंबर काम’ लिहिणारा बऱ्याचदा मेहुणा निघतो, म्हणून नातं असेल तर सांगून लिहा ही ओळ. अॅडमिन तुरुंगात जाईल ही भीती मात्र नियमात नाही, दुसऱ्यानं टाकलेल्या पोस्टीसाठी अॅडमिनला निव्वळ अॅडमिन आहे म्हणून धरता येत नाही असं मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये म्हटलंय.

सगळ्यात शेवटी आलेली दुरुस्ती मला सगळ्यात आवडते. आमच्याकडचे निम्मे कारागीर घरी तेलुगू नाहीतर कन्नड बोलणारे, मराठी बोलतात झकास पण टाइप करायचं म्हणलं की अवघड. नियमात लिहायचं होतं काम, भाग, चार्ज, नंबर, आणि ते जमत नाही म्हणून चांगली माणसं गप्प बसायची आणि छापील रंगीत पोस्टरवाले पुढं. आता अर्ध्या मिनिटाची व्हॉइस नोट चालते. दर गुरुवारी सकाळी एका सुतार अण्णांचा आवाज येतो, मागं रंधा चालू असतो, “दरवाजा घासत असेल तर सांगा, बघायचे पैसे घेत नाही.”