ओमनाइटच्या शंखामागचा इतिहास

२७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये गेम बॉयसाठी ‘पोकेमॉन रेड’ आणि ‘पोकेमॉन ग्रीन’ हे दोन गेम विक्रीला आले. गेम फ्रीक या कंपनीने त्यासाठी १५१ प्राणी घडवले होते. त्यातले बहुतेक गवतात, गुहेत किंवा पाण्यात आडवे यायचे आणि तिथल्या तिथे पकडता यायचे. १३८ क्रमांकाचा ओमनाइट मात्र असा कुठेच भेटत नाही, कारण गेमच्या जगातसुद्धा तो फार पूर्वीच नामशेष झालेला आहे. तो हवा असेल तर आधी एक दगड मिळवायचा, तो बराच काळ जवळ बाळगायचा आणि मग प्रयोगशाळेत नेऊन त्यातून जीव उभा करून घ्यायचा.

दिसायला ओमनाइट अगदी साधा. निळसर अंग, पाठीवर गुंडाळलेला शंख, मोठे डोळे आणि दहा भुजा. उंची ०.४ मीटर, वजन ७.५ किलो. चाळिसाव्या लेव्हलला त्याचा ओमस्टार होतो. शंखाला काटे फुटतात, तोंडाला धारदार चोच येते, उंची एक मीटर आणि वजन ३५ किलो होतं. दोघेही दगड आणि पाणी या दुहेरी प्रकारातले, त्यामुळे गवत प्रकाराचा वार त्यांना चौपट लागतो. लोकप्रियतेच्या यादीत ही जोडी कधी फार वर नसते. तरीही एखादी प्रजाती कायमची संपते म्हणजे काय, हे त्या पहिल्या गेममध्ये सर्वांत नेमकेपणाने कुणी दाखवलं असेल तर ते ओमनाइटने, असं मला वाटतं. त्याची मुळं गेमच्या बरीच बाहेर आहेत.

आधी गेममधला तो प्रसंग. माउंट मून या गुहेच्या तळाशी दोन दगड शेजारी शेजारी ठेवलेले असतात, हेलिक्स फॉसिल आणि डोम फॉसिल. ते ज्याला सापडले तो माणूस वाट अडवतो आणि दोन्ही आपलेच म्हणतो. लढाईत हरला की नमतं घेतो, एकेक वाटून घेऊ म्हणतो. आपण एक उचलला की दुसरा तो घेऊन जातो, आणि तो दगड त्या खेळात आपल्याला पुन्हा मिळत नाही. दूर सिनाबार बेटावर जीवाश्मांवर संशोधन करणारी प्रयोगशाळा आहे, एवढंच तो सांगतो. तिथे पोचेपर्यंत अर्ध्याहून जास्त गेम संपलेला असतो. मधल्या सगळ्या काळात तो दगड पिशवीत नुसता पडून राहतो, त्याचा काही उपयोग करता येत नाही.

हेलिक्समधून ओमनाइट निघतो, डोममधून काबुटो. यातली निवड कल्पक आहे. काबुटो उघडच घोड्याच्या नालेसारख्या खेकड्यावर, म्हणजे हॉर्सशू क्रॅबवर बेतलेला आहे, आणि तो जीव आजही समुद्रात आहे. पुढे २००२ साली आलेल्या ‘रूबी’ आणि ‘सफायर’मधल्या पोकेडेक्समध्ये, म्हणजे गेममधल्या प्राण्यांच्या माहितीकोशात, काबुटो क्वचित जिवंतही सापडतो, तीस कोटी वर्षांत तो मुळीच बदललेला नाही, असं लिहिलं गेलं. ओमनाइटबद्दल असं काही म्हटलेलं नाही. त्याचा नमुना अमोनाइट हा गुंडाळलेल्या शंखाचा प्राचीन समुद्री प्राणी आहे, आणि अमोनाइट खरोखरच एकही उरलेला नाही. शेजारी शेजारी ठेवलेल्या त्या दोन दगडांपैकी एका जीवाचे वंशबंधू अजून किनाऱ्यावर अंडी घालायला येतात, दुसऱ्याचा वंशच आटोपला आहे. हा फरक गेमने कुठे समजावून सांगितलेला नाही, पण पाळला आहे.

अमोनाइटांचा गट सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वी डेव्होनियन काळात उदयाला आला आणि ६.६ कोटी वर्षांपूर्वी संपला. शंखाच्या आत पडदे घालून केलेले कप्पे असत. प्राणी स्वतः फक्त सर्वांत बाहेरच्या कप्प्यात राहायचा आणि मागचे कप्पे वायूने भरलेले असल्यामुळे तो पाण्यात तरंगू शकायचा. दिसायला हे सगळं आजच्या नॉटिलस या शंखधारी समुद्री प्राण्यासारखं, पण नात्याने अमोनाइट स्क्विड आणि ऑक्टोपसच्या जास्त जवळचे. नॉटिलसला नव्वदच्या आसपास भुजा असतात. अमोनाइटला किती होत्या याचा थेट पुरावा दगडात जवळजवळ उरत नाही, पण या नात्यावरून दहाचा अंदाज केला जातो. ओमनाइटच्या दहा भुजा त्याच्याशी बरोबर जुळतात.

माणसाला हे दगड फार पूर्वीपासून भुरळ घालत आले आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी याने इथिओपियातल्या एका सोनेरी, मेंढ्याच्या शिंगासारख्या दगडाची नोंद केली आहे. मेंढ्याची शिंगं असलेल्या अम्मोन देवाच्या नावाने तो ओळखला जायचा, आणि तो जवळ असला की भविष्य सांगणारी स्वप्नं पडतात असा समज होता. इंग्लंडच्या व्हिट्बी गावात संत हिल्डाने सापांचे दगड केले अशी कथा होती. तिथले कारागीर अमोनाइटच्या टोकाला सापाचं डोकं कोरून ते विकायचे, आणि असे तीन दगड त्या गावाच्या मानचिन्हातही आहेत.

हे दगड म्हणजे एके काळचे जिवंत प्राणी होते, हे ठामपणे मांडणाऱ्यांत इंग्लिश शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक हे मोठं नाव. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी अमोनाइटची तुलना नॉटिलसच्या शंखाशी केली आणि असे काही जीव पृथ्वीवरून नाहीसे झाले असावेत, असं म्हटलं. ही व्याख्यानं त्यांच्या मृत्यूनंतर १७०५ मध्ये छापली गेली. आज हे सरळ वाटतं, पण तेव्हा निर्मितीतली एकही कडी तुटू शकत नाही अशी पक्की समजूत होती. मग जिवंत अमोनाइट का दिसत नाहीत? ते खोल समुद्रात असतील, अजून सापडले नसतील, असं उत्तर दिलं जायचं. प्रजाती नामशेष होतात हे विज्ञानाने खऱ्या अर्थाने स्वीकारायला अठराव्या शतकाची अखेर उजाडली. तेव्हा फ्रान्समध्ये जॉर्ज क्यूव्हिए यांनी हत्तींच्या हाडांवरून ते सिद्ध केलं. पण प्रश्न पडायला कारण ठरलेल्या वस्तूंत हा गुंडाळलेला शंख होता, आणि मला त्याचं महत्त्व हाडांपेक्षा कमी वाटत नाही.

ओमस्टार का संपला, याचं गेममधलं उत्तर पहिल्यापासून एकच आहे. शंख इतका मोठा आणि जड झाला की त्याला नीट हलता येईना, भक्ष्य पकडता येईना. कल्पना म्हणून ती लक्षात राहते, आणि तिला एक जुनी परंपराही आहे. एखाद्या वंशाचा अवयव आपल्याच ओघात वाढत जातो आणि शेवटी त्या वंशाला मारतो, असा विचार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला जीवाश्मशास्त्रात चांगलाच रुजला होता. विचित्र वेटोळ्यांचे अमोनाइट म्हणजे ऱ्हासाला लागलेल्या वंशाची खूण, असंही मानलं जायचं. जपानचं उदाहरण यात फार बोलकं आहे. १९०४ साली हिसाकात्सु याबे यांनी होक्काइदो भागातल्या निप्पोनाइट्स या अमोनाइटचं वर्णन केलं. त्याचा शंख गाठ मारलेल्या दोरीसारखा. हा एखादा विकृत नमुना असावा अशी शंका घेतली गेली. पुढे तसेच आणखी नमुने सापडत गेले आणि ती ठरावीक नियमाने होणारी वाढ आहे हे कळलं. आज निप्पोनाइट्स जपानच्या जीवाश्मशास्त्र संस्थेचं बोधचिन्ह आहे.

खऱ्या अमोनाइटला शंखाच्या वजनाने मारलं नाही. वायूने भरलेले कप्पे वजन पेलत होते. १८९५ मध्ये जर्मनीत सेपनराडे इथे सापडलेल्या पॅरापुझोसिया या अमोनाइटचा शंख जवळपास पावणेदोन मीटर व्यासाचा आहे, म्हणजे ओमस्टारपेक्षा कितीतरी मोठा. त्यांचा शेवट झाला तो ६.६ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीवर अशनी आदळल्यानंतरच्या उलथापालथीत, डायनासोरांबरोबर. नॉटिलसचे पूर्वज मात्र त्यातून वाचले. असं का, याचं एक पटणारं स्पष्टीकरण पिल्लांपाशी जातं. अमोनाइटची पिल्लं जेमतेम मिलिमीटरभर आकाराची, पृष्ठभागाजवळच्या प्लवकांत, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांत, वाढणारी. तिथलं अन्न आणि पाण्याची रसायनं बिघडली आणि नवी पिढीच उभी राहिली नाही. नॉटिलस मोजकी, मोठी अंडी घालतो आणि त्याची पिल्लं बरीच मोठी होऊन बाहेर येतात. पोकेडेक्समधलं कारण बदलायला हवं असं माझं म्हणणं नाही, पण ते वाचणाऱ्या मुलाला ही दुसरी गोष्टही कुणीतरी सांगायला हवी.

२०१० मधल्या पोकेमॉन गेमच्या पाचव्या पिढीत शेल स्मॅश नावाची चाल आली आणि ती ओमस्टारलाही शिकता येऊ लागली. ती वापरली की बचाव घटतो, पण वेग आणि हल्ल्याची ताकद एकदम वाढते. ज्या कवचामुळे तो मंदावला आणि संपला असं आधी लिहिलं होतं, तेच फोडून तो वेगवान होतो. पोकेडेक्सच्या त्या जुन्या दोन ओळी लक्षात ठेवणाऱ्या कुणीतरी ही चाल त्याच्या वाट्याला दिली असावी असं वाटतं.

जगभर नाव झालं ते मात्र प्राण्याचं नाही, दगडाचं. १२ फेब्रुवारी २०१४ ला ट्विच या थेट प्रक्षेपणाच्या संकेतस्थळावर ऑस्ट्रेलियातल्या एका अनामिक प्रोग्रामरने ‘पोकेमॉन रेड’ असा चालू केला की चॅटमध्ये प्रेक्षक जे बटण लिहितील ते दाबलं जाईल. अकरा लाखांहून अधिक लोकांनी त्यात भाग घेतला. हजारो हुकूम एकाच वेळी येत असल्याने खेळाडू भिंतीवर आपटायचा आणि लढाईच्या मधोमध पिशवी उघडून हेलिक्स फॉसिल निवडायचा. प्रत्येक वेळी तोच संदेश यायचा, ही वस्तू वापरायची ही वेळ नव्हे. हे इतक्यांदा झालं की प्रेक्षकांनी त्याला कौल मागणं ठरवलं. पाहता पाहता हेलिक्स देव झाला, डोम त्याचा वैरी. प्रार्थना रचल्या गेल्या, चित्रं निघाली. सोळा दिवसांनी, १ मार्चला, गेम पूर्ण झाला तेव्हा विजयी संघात त्याच दगडातून उठवलेला ओमस्टार होता. यातल्या किती जणांना प्लिनी माहीत होता कोण जाणे, पण वेटोळ्याच्या दगडाला भविष्य विचारायची रीत दोन हजार वर्षांनी आपोआप पुन्हा सुरू झाली होती.

२०२१ च्या उन्हाळ्यात होक्काइदोच्या मिकासा शहरातल्या संग्रहालयात पोकेमॉन फॉसिल म्युझियम हे फिरतं प्रदर्शन पहिल्यांदा भरलं. गेममधले जीवाश्म आणि खरे जीवाश्म शेजारी मांडायचे, साम्य आणि फरक मुलांनी स्वतः शोधायचे, अशी त्याची मांडणी. मिकासा हे ठिकाण अगदी योग्य होतं, कारण तिथलं संग्रहालय अमोनाइटांच्या मोठ्या संग्रहासाठीच ओळखलं जातं. पुढे हे प्रदर्शन टोकियोच्या राष्ट्रीय विज्ञान संग्रहालयातही गेलं.

दरम्यान पोकेडेक्सनेही एक पाऊल पुढे टाकलं आहे. ‘शील्ड’ या गेममधल्या नोंदीनुसार, पुन्हा जिवंत केलेले काही ओमनाइट निसटतात किंवा लोक त्यांना मोकळं सोडतात, आणि आता मोकळ्या निसर्गातली त्यांची वस्ती ही एक समस्या होऊ लागली आहे.