भट्टी लहान, राख किती?

२०२५च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने होल्टेक या तिथल्या कंपनीला आपल्या लहान अणुभट्टीचे तंत्रज्ञान भारतातल्या तीन कंपन्यांना द्यायची मुभा दिली. त्यांतली होल्टेक एशिया पुण्यातली. भट्टी लहान म्हणजे कचराही थोडा, असा समज इथे सहज होतो. पण हिशोब एका भट्टीमागे करून चालत नाही. तेवढ्याच विजेमागे करावा लागतो.

सुमारे एक ग्रॅम इंधनाचे विखंडन झाले, म्हणजे त्यातले अणू फुटले, की एक मेगावॉट-दिवस (दिवसभर एक मेगावॉट) उष्णता मिळते, मग भट्टी कितीही मोठी असो. विजेच्या सुमारे तिप्पट उष्णता लागते, म्हणून हजार मेगावॉट विजेचे केंद्र वर्षभर चालले की सिझियम-१३७, स्ट्रॉन्शियम-९० यांसारखे विखंडनाचे अवशेष टनभर साठतात. तेवढीच वीज तीन-चार लहान भट्ट्यांनी दिली तरी हा टन काही घटत नाही. पहिल्या शतकभरातली बहुतेक धग याचीच.

कचऱ्याच्या वजनात फरक पडतो तो या अवशेषांसोबत उरणाऱ्या युरेनियममुळे. कपातला चहा पातेलीभर चहापेक्षा लवकर निवतो, कारण आकारमानाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग जास्त. भट्टीचा इंधन भरलेला गाभा लहान असला की विखंडन चालू ठेवणारे न्यूट्रॉन कणही तसेच जास्त निसटतात. मग एक तर इंधन अधिक समृद्ध (सहज फुटणारे युरेनियम जास्त असलेले) घ्यायचे, नाहीतर ते लवकर बाहेर काढायचे. मोठ्या, साध्या पाण्याच्या भट्टीत टनभर इंधनातून सुमारे ५०,००० मेगावॉट-दिवस निघतात. म्हणजे हजार मेगावॉटमागे वर्षाला वीसेक टन वापरलेले इंधन. इंधन लवकर काढल्याने टनामागचा आकडा ३३,०००वर उतरला की तीस टन. अवशेष तेवढेच, पण पिंपे दीडपट. नैसर्गिक युरेनियमवर चालणाऱ्या आपल्या जड पाण्याच्या भट्ट्यांत तर जेमतेम ७,००० निघतात आणि इंधन दीडशे टनांच्या घरात जाते. मात्र दर टनाची धगही त्याच मानाने कमी. त्यामुळे नुसत्या वजनावरून निकाल देणे चूक आहे.

निसटलेले न्यूट्रॉन गाभ्याभोवतीच्या पोलादात शिरून त्यालाच किरणोत्सारी करतात. चर्चेत हा भाग नेहमी राहून जातो, आणि भट्टी मोडायच्या वेळी तोच आडवा येतो. त्यात तयार होणारा कोबाल्ट-६० पन्नास वर्षांत सातशेपट घटतो, पण निकेल-५९ निम्मा व्हायलाच ७६,००० वर्षे लागतात. असे पोलाद जमिनीलगतच्या चरात पुरून भागत नाही.

२०२२मध्ये क्राल, मॅकफर्लेन आणि युइंग या संशोधकांनी लहान भट्ट्यांचा कचरा मोठ्या भट्टीच्या तुलनेत आकारमानाने २ ते ३० पट भरेल असे मांडले. त्याच वर्षी अमेरिकेतल्या आर्गोन आणि आयडाहो प्रयोगशाळांच्या अभ्यासात साध्या पाण्याच्या लहान भट्टीचे वापरलेले इंधन मोठीपेक्षा जेमतेम दहा टक्क्यांनी जास्त निघाले. होल्टेकची भट्टी याच कुळातली. मोठे आकडे येतात ते पाण्याऐवजी सोडियम किंवा वितळलेले क्षार वापरणाऱ्या रचनांमुळे. सोडियम पाण्याशी भडकून अभिक्रिया करतो, म्हणून इंधनाच्या कांडीत भरलेला सोडियम पुरण्याआधी काढावाच लागतो. क्षारांचा धडा अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेचा: तिथली क्षारात युरेनियम विरघळवून चालणारी प्रायोगिक भट्टी १९६९मध्ये बंद झाली. थिजलेल्या क्षारातून त्याच्याच किरणोत्सारामुळे फ्लोरिन सुटत राहिला, त्याने युरेनियमचा वायू केला आणि तो नळ्यांतून कोळशाच्या गाळणीपर्यंत पोहोचला. हे लक्षात आले ते १९९४मध्ये, भट्टी बंद पडून पंचवीस वर्षे झाल्यावर.