टीप कोणी दिली? टोळीतल्या इमानाचे आणि संशयाचे गणित

हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई हे देशाचे दोन मोठे लोहमार्ग नागपुरात एकमेकांना छेदतात, आणि ओडिशा-आंध्र सीमेवरच्या डोंगराळ भागातून उत्तरेकडे व पश्चिमेकडे निघालेल्या गांजाचा बराचसा भाग याच वाटेने जातो. त्यामुळे रेल्वेत गांजा पकडल्याची बातमी नागपूरच्या वाचकाला नवी नसते, आणि तिचा साचाही त्याला पाठ असतो. सर्वसाधारण डब्यात बाकाखाली एक फुगलेली बॅग असते, आत खाकी चिकटपट्टीने घट्ट गुंडाळलेली पाकिटे असतात, ‘ही बॅग कोणाची?’ असे जवानाने विचारताच आजूबाजूचे सगळे प्रवासी खिडकीबाहेर पाहू लागतात, आणि पंचनाम्यात ‘बेवारस’ हा शब्द पडतो. बॅगेचा वाहक बहुधा त्याच डब्यात चार बाके सोडून बसलेला असतो आणि पुढच्या स्थानकावर रिकाम्या हातांनी उतरून जातो.

वाचकासाठी बातमी इथे संपते, पण टोळीसाठी खरा प्रश्न इथूनच सुरू होतो. पलीकडे माल घ्यायला थांबलेल्या म्होरक्याला एवढेच कळलेले असते की माल पोहोचला नाही. याची कारणे तीन असू शकतात. तपासणीत बॅग योगायोगाने सापडली असेल, कोणीतरी आतून टीप दिली असेल, किंवा वाहकाने माल परस्पर विकून ‘पकडला गेला’ अशी थाप मारली असेल. लांबून पाहणाऱ्याला ही तिन्ही कारणे अगदी सारखी दिसतात, आणि टोळीतल्या निष्ठेचा व फितुरीचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांना रस आहे तो नेमका या सारखेपणात.

इतवारीतल्या कापड व्यापाऱ्याचा गठ्ठा वाटेत गहाळ झाला तर त्याच्याकडे बिल्टी असते, विमा असतो, आणि वेळ आलीच तर न्यायालय असते. गांजाच्या धंद्यात यातले काहीच नाही. लेखी करार नाही, पावती नाही, फसवणाऱ्यावर दावा ठोकण्याची सोय नाही. जे काम इतरत्र कागद करतो ते इथे माणसाच्या इमानावर सोपवावे लागते, आणि इमान तर उघड्या डोळ्यांनी मोजता येत नाही. कोलंबियातल्या कोकेनच्या व्यापाराचा अभ्यास करणाऱ्यांनी एक गमतीदार गोष्ट नोंदवली आहे. माल जप्त झाला असे सांगणाऱ्याकडे तिथले व्यापारी पुरावा मागत, आणि वर्तमानपत्रातले जप्तीच्या बातमीचे कात्रण हा चालणारा पुरावा असे. ज्या बातमीने पोलिसांची पाठ थोपटली जाते तीच बातमी अशा प्रकारे वाहकाच्या खिशातली पावती ठरते. पण ती पावतीही अर्धीच असते, कारण माल पकडला गेला एवढेच तिच्यावरून समजते आणि का पकडला गेला ते समजत नाही.

या ‘का’चे उत्तर म्होरक्या मनाशी कसे काढतो, हे समजून घ्यायला अठराव्या शतकातल्या थॉमस बेज या इंग्रज धर्मोपदेशकाचे सूत्र उपयोगी पडते. त्यांचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर, १७६३ मध्ये प्रसिद्ध झाला. नवा पुरावा हाती आल्यावर जुना अंदाज किती बदलावा, हे त्या सूत्राने काढता येते. इथे आपण उदाहरणादाखल काही आकडे धरू. ते कोणत्याही पाहणीतले नाहीत. समजा १००० वाहक आहेत आणि त्यांपैकी ५० जण खबरी आहेत. खबऱ्याचा माल १० पैकी ९ वेळा पकडला जातो, तर इमानदार वाहकाचा माल निव्वळ दुर्दैवाने १० पैकी एकदा पकडला जातो. पहिल्या फेरीत ५० खबऱ्यांपैकी ४५ जणांचा माल जाईल आणि ९५० इमानदारांपैकी ९५ जणांचा जाईल. म्हणजे माल गमावलेल्या १४० जणांत खबरी ४५, अवघे ३२ टक्के. एका जप्तीवरून कोणावर बोट ठेवणारा म्होरक्या तीनपैकी दोन वेळा निरपराध माणसावरच बोट ठेवील.

दुसऱ्या फेरीत चित्र झपाट्याने पालटते. ज्यांचा माल सलग दोनदा गेला असे सुमारे ५० जण उरतात, आणि त्यांतले ४० जण खबरी असतात. संशय ३२ टक्क्यांवरून थेट ८१ टक्क्यांवर जातो. उरलेल्या नऊ-दहा जणांनी काहीही केलेले नसते, त्यांचे नशीब फक्त दोनदा फिरलेले असते. पण त्यांना वेगळे ओळखण्याचा कोणताही मार्ग म्होरक्याकडे नसतो.

या गणिताची दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. या आकड्यांनुसार सुखरूप पार पडलेली प्रत्येक फेरी एका जप्तीचा डाग पूर्णपणे पुसून टाकते. दोन जप्त्या आणि दोन सुखरूप फेऱ्या नावावर असलेला वाहक हिशेबाने पुन्हा मूळच्या ५ टक्क्यांवरच येतो. पण माणसाची स्मृती असा जमाखर्च ठेवत नाही. बुडालेला माल लक्षात राहतो, वेळेवर पोहोचलेल्या मालाची आठवण कोणी काढत नाही. त्यामुळे टोळीतला संशय वाजवीपेक्षा नेहमी जास्तच असतो, आणि तो वाढवायला खऱ्या फितुराची गरजही लागत नाही.

याचा जणू प्रयोगच कॅनडातल्या माँट्रियल शहरात होऊन गेला. १९९४ ते १९९६ या काळात तिथल्या पोलिसांनी हशीश आणि कोकेन आणणाऱ्या एका टोळीचे फोन चोरून ऐकले, पण तपासाची पद्धत नेहमीपेक्षा वेगळी ठेवली. माल जप्त करायचा, पण शेवटपर्यंत कोणालाही अटक करायची नाही. अशा ११ जप्त्या झाल्या. ‘कॅव्हियार’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या तपासातल्या संभाषणांवरून गुन्हेशास्त्रज्ञ कार्लो मोर्सेली यांनी टप्प्याटप्प्याने टोळीचे नकाशे तयार केले. माणूस म्हणजे ठिपका आणि दोघांतले संभाषण म्हणजे रेघ. सुरुवातीच्या नकाशात बहुतेक रेघा एकाच माणसाकडे जातात. जप्त्यांची संख्या वाढते तसे ते केंद्र विसविशीत होते, लोक त्याला वगळून परस्पर एकमेकांशी व्यवहार करू लागतात, नवे मार्ग आणि नवी माणसे येतात, आणि प्रमुखाचे महत्त्व ओसरते. तोवर एकाही माणसाला बेडी पडलेली नव्हती. माल जात होता आणि माणूस मोकळा राहत होता, म्हणून प्रत्येक जण दुसऱ्याकडे पाहून एकच विचार करत असणार: हा अजून बाहेर कसा?

नागपूरच्या फलाटावर सापडणाऱ्या बेवारस बॅगेचा परिणामही याच जातीचा असावा असे मला वाटते. त्यामागे कोणाची योजना नसते, वाहक निसटलेला असतो इतकेच. पोलिसांच्या दृष्टीने ती अर्धवट कारवाई असते. पण आरोपी हाती लागला असता तर टोळीला निदान एक उत्तर मिळाले असते. तो निसटला की तेही मिळत नाही.

संशय इतका लवकर का भडकतो, याचे एक कारण टोळीबाहेरच्या, तुमच्याआमच्यासारख्या माणसांवर केलेल्या प्रयोगांतही दिसते. हार्वर्ड विद्यापीठातल्या आयरिस बोनेट आणि रिचर्ड झेकहाउसर यांनी लोकांसमोर एक निवड ठेवली. ठरावीक रक्कम खात्रीने घ्यावी, की जास्त मिळण्याच्या आशेने धोका पत्करावा? काहींच्या बाबतीत निकाल निव्वळ सोडतीवर अवलंबून होता, तर काहींच्या बाबतीत समोरच्या अनोळखी माणसाने विश्वास पाळण्यावर. यशाची शक्यता तितकीच असली तरी निकाल माणसाच्या हाती असेल तेव्हा लोक धोका पत्करायला जास्त काचकूच करत होते. अमेरिका, ब्राझील, चीन, ओमान, स्वित्झर्लंड आणि तुर्कस्तान या सहा देशांत हाच कल आढळला. नशिबाने झालेल्या नुकसानापेक्षा माणसाने केलेला दगा अधिक झोंबतो, आणि म्हणून तो अधिक शोधला जातो.

हा धोका कमी करण्यासाठी टोळ्या नातेवाईक आणि गाववाले जमवतात, कारण नात्यातल्या माणसाचे घर माहीत असते. काम सुरू होण्याआधी उचल देऊन माणूस बांधून ठेवण्याची रीत तर आपल्याकडच्या कायदेशीर धंद्यांतही जुनी आहे. पैशाने निष्ठा विकत घेतली जाते असा आपला समज असतो, पण स्टीव्हन लेव्हिट आणि सुधीर वेंकटेश यांनी २००० साली एका अमेरिकी टोळीच्या हिशेबवह्या तपासल्या तेव्हा रस्त्यावर उभे राहून माल विकणाऱ्या पोरांची ताशी कमाई कायदेशीर किमान वेतनाहूनही कमी निघाली. मग ती पोरे टिकत का होती? वरची जागा कधीतरी आपल्याला मिळेल, या आशेवर. अशी निष्ठा दिसायला भक्कम असते, पण तिची मुदत आशेइतकीच असते.

अटक झाली की त्या आशेची परीक्षा होते. इथे ‘कैद्यांचा पेच’ आठवतो. १९५० मध्ये मेरिल फ्लड आणि मेल्विन ड्रेशर यांनी मांडलेल्या खेळाला आल्बर्ट टकर यांनी दोन कैद्यांची गोष्ट जोडली. दोघांना वेगवेगळे ठेवले आहे. दोघेही गप्प राहिले तर थोडी शिक्षा, एकाने तोंड उघडले तर तो सुटतो आणि दुसरा अडकतो, दोघांनीही उघडले तर दोघांनाही मोठी शिक्षा. प्रत्येकाने फक्त स्वतःचे हित पाहिले तर दोघेही बोलतात आणि दोघेही बुडतात. पुढे रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी हाच खेळ संगणकावर पुन्हा पुन्हा खेळवण्याची स्पर्धा घेतली, तेव्हा अनातोल रॅपपोर्ट यांची ‘जशास तसे’ ही सर्वांत साधी चाल जिंकली. पुन्हा गाठ पडणार असेल तर सहकार्य टिकते, आणि डाव शेवटचा आहे असे दिसू लागले की दगा शहाणपणाचा वाटू लागतो.

मात्र पाठ्यपुस्तकातला हा पेच नागपूरच्या न्यायालयात जसाच्या तसा उतरत नाही. तोंड उघडले म्हणून माणूस लगेच सुटतो, ही गोष्टीतली सवलत आपल्या कायद्यात नाही. सहआरोपीने दिलेला कबुलीजबाब हा दुसऱ्याविरुद्ध सर्वसाधारण अर्थाने पुरावाच नव्हे, इतर पुराव्याला फार तर त्याचा आधार देता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५२ मध्ये कश्मिरा सिंग खटल्यात सांगितले. तो खटला आपल्या गोंदियातल्या एका मुलाच्या खुनाचा होता, आणि निकाल लिहिणारे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस त्याआधी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यातील कलम ६७ खाली तपास अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाबही ग्राह्य नाही, असा निकाल २९ ऑक्टोबर २०२० रोजी तोफान सिंग खटल्यात दोन विरुद्ध एक अशा बहुमताने लागला. माफीचा साक्षीदार होण्याची वाट आहे, पण त्यासाठी सगळे खरे आणि पूर्ण सांगावे लागते. शिवाय तो आधीच जामिनावर नसेल तर खटला संपेपर्यंत त्याला कोठडीतच राहावे लागते, आणि त्याने काही दडवले तर मूळ गुन्ह्याचा खटला पुन्हा त्याच्यावर उभा राहू शकतो. गांजा २० किलोहून जास्त असेल तर शिक्षा १० ते २० वर्षांची, आणि कलम ३७ मुळे जामीनही दुर्मीळ. म्हणजे फितुराला आणि ज्याच्याविरुद्ध तो फितला त्याला अनेकदा एकाच कारागृहाच्या भिंतींआड दीर्घकाळ काढावा लागतो. डाव शेवटचा आहे असे वाटत असताना तो पुन्हा मांडला जातो.

यामुळेच जर्मनीतला एक प्रयोग मला बोलका वाटतो. मेनुश खदजावी आणि आंद्रेआस लांगे यांनी २०१३ मध्ये हा पेच खऱ्याखुऱ्या कैद्यांना, एका महिला कारागृहात, खेळायला दिला. पैशांऐवजी बक्षीस म्हणून कॉफी आणि सिगारेटी होत्या. एकाच वेळी निर्णय घ्यायचा होता तेव्हा विद्यार्थ्यांपैकी ३७ टक्क्यांनी सहकार्य केले, तर कैद्यांपैकी ५६ टक्क्यांनी. एकीचा निर्णय पाहून दुसरीने निर्णय घ्यायचा होता तेव्हा हा फरक जवळजवळ नाहीसा झाला. गुन्हेगार स्वभावतःच दगाबाज असतो, या समजुतीला या आकड्यांतून काही बळ मिळत नाही.

टोळी फुटू लागल्याची खूण कबुलीजबाबात दिसण्याआधी बरेचदा वकीलपत्रात दिसते. सुरुवातीला सगळ्या आरोपींसाठी एकच वकील उभा असतो आणि त्याची फी कुठून येते ते सगळ्यांना ठाऊक असते. मग एखाद्या तारखेला आरोपी क्रमांक तीनच्या घरचे लोक स्वतःचा वेगळा वकील घेऊन येतात, आणि पिंजऱ्यातले बाकीचे त्याच्यापासून थोडे सरकून उभे राहतात. त्याने कदाचित काहीच सांगितलेले नसते. घरच्यांना फक्त स्वतंत्र सल्ला हवा असतो. पण बेजच्या सूत्रात हाही एक नवा पुरावा म्हणून धरला जातो.

मूळ प्रश्नाचे उत्तर मिळावे अशी सोय कायद्याने मुद्दामच ठेवलेली नाही. अमली पदार्थांच्या त्याच कायद्यातील कलम ४२ प्रमाणे अधिकाऱ्याला मिळालेली बातमी लिहून काढावी लागते आणि ७२ तासांत वरिष्ठांकडे पाठवावी लागते, पण ती कोणाकडून मिळाली हे सांगण्याची सक्ती कलम ६८ मुळे त्याच्यावर करता येत नाही. पुढे आरोपींना दोषारोपपत्राची प्रत मोफत मिळते. तिच्यात पंचनामा असतो, वजन असते, नमुन्यांवरची मोहोर असते, आणि बहुतेक फिर्यादींची सुरुवात जिने होते ती ओळ असते: ‘गुप्त बातमीदाराकडून खात्रीलायक बातमी मिळाली की’. ही ओळ प्रत्येक आरोपी आपापल्या प्रतीत वाचतो आणि मग बाकीच्यांकडे पाहतो.