कृष्णेचे पाणी माणदेशी माळावर

कोल्हापूर जिल्ह्यातल्या घाटमाथ्यावरच्या गगनबावड्याला पावसाळ्यात साधारण पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तिथून पूर्वेला शंभरेक किलोमीटरवर असलेल्या शिरोळला तो जेमतेम पाचशे-सहाशे मिलिमीटर भरतो. सह्याद्री चढताना वाऱ्यातली बाष्पे थंड होऊन घाटमाथ्यावरच बरसतात आणि पलीकडे उतरणारा वारा कोरडा होत जातो, हे त्याचे कारण. याच पर्जन्यछायेत पुढे जत, कवठेमहांकाळ, आटपाडी, माण आणि सांगोला हे तालुके येतात. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याजवळ कृष्णेला मिळणाऱ्या पंचगंगेने ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून ५५ फुटांच्या वर मजल मारली. तेव्हापासून पुराचे हे पाणी दुष्काळी भागाला वळवावे, ही मागणी जोर धरून आहे. ती न्याय्य आहे. ज्या गावांत उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, त्यांना पर्यावरणाची चर्चा ऐकवून थांबवण्याचा अधिकार पाण्याच्या काठावर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना नाही. पण पाणी कशासाठी, किती आणि कशा रीतीने न्यायचे, हे ठरवताना आपल्याच कोल्हापूर जिल्ह्याने भोगलेल्या काही गोष्टी त्या गावांना सांगणे हे आपले काम आहे.

आधी पुराचा हिशेब पाहू. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, सुमारे २.८३ कोटी घनमीटर पाणी. एखाद्या प्रवाहातून दिवसभरात एक टीएमसी पाणी जायचे असेल तर तो ११,५७४ क्युसेकने, म्हणजे सेकंदाला तितके घनफूट, वाहावा लागतो. महापुरात कृष्णेचा प्रवाह लाखांत मोजला जातो. २०१९ मध्ये कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून पाच लाख क्युसेकहून अधिक विसर्ग करावा लागला होता. याउलट पंपांनी उपसा करून कालव्यात सोडता येणारे पाणी काही शे किंवा फार तर थोड्या हजार क्युसेकचे असते. म्हणून उपशाने कोल्हापूर-सांगलीचा पूर उतरेल, अशी आशा धरू नये. पावसाळ्यात पंप चालवून दुष्काळी भागातले तलाव भरणे हे स्वतंत्रपणे उपयुक्त काम आहे आणि म्हैसाळ, टेंभू, ताकारी या उपसा सिंचन योजनांमुळे त्याची सोयही आहे. मात्र ते पूरनियंत्रणाच्या नावाखाली मंजूर करून घेतले, तर दोन्ही प्रश्नांची उत्तरे चुकतील.

हे पाणी चढावर न्यायचे असल्याने त्याला विजेची किंमत पडते. एक घनमीटर पाणी शंभर मीटर उचलायला भौतिकशास्त्राच्या नियमानेच सुमारे पाव युनिटहून थोडी अधिक वीज लागते, आणि पंप व वाहिन्यांमधली गळती धरली की ती एक तृतीयांश युनिटच्या वर जाते. एका टीएमसीला हे गणित जवळपास एक कोटी युनिटपर्यंत पोचते, तेही फक्त शंभर मीटर उंचीसाठी. टप्प्याटप्प्याने याहून जास्त चढ चढणाऱ्या योजनांमध्ये त्याच प्रमाणात वाढ होते. वीजबिल थकल्यामुळे पंप बंद पडल्याच्या बातम्या आपण वाचत आलो आहोत, त्यांचे मूळ इथे आहे.

मला सर्वांत गंभीर वाटणारी बाब मात्र मातीची आहे, आणि ती समजून घ्यायला शिरोळ तालुक्यातली क्षारपड, म्हणजे क्षार साचून बिघडलेली जमीन पाहावी. उन्हाळ्यात अशा शिवारात सरीच्या वरंब्यावर पांढुरका थर आलेला दिसतो. उसाची उगवण ठिपक्या-ठिपक्यांची, पाने टोकाकडून करपलेली. कुदळीने हातभर खोदले, तर खालची काळी माती ओली आणि चिकट लागते, आणि थोड्या वेळात खड्ड्यात पाणी झिरपून साठू लागते. एके काळी हीच जमीन तालुक्यातल्या उत्तम जमिनींत मोडत असे.

हे कसे घडते? नदीच्या गोड पाण्यातही क्षार विरघळलेले असतात. लिटरमागे तीनशे मिलिग्रॅम क्षार धरले आणि हेक्टरभर जमिनीवर वर्षाला एक मीटर उंचीइतके पाणी दिले, तर दहा हजार घनमीटर पाण्यासोबत तीन टन क्षार शेतात येतात. पिके पाणी घेतात, ऊन पाणी उडवते, पण क्षार तिथेच राहतात. पाऊस भरपूर असेल तर ते धुऊन खाली जातात. पर्जन्यछायेत बाष्पीभवन पावसाच्या कितीतरी पट असल्याने ते धुतले जात नाहीत. त्यात काळी चिकणमाती पाणी सावकाश सोडते. पाटपाण्याचा अतिरेक झाला, की भूजल पातळी वर चढत मुळांजवळ येते, आणि मग मातीच्या सूक्ष्म पोकळ्यांतून पाणी वर खेचले जाऊन पृष्ठभागावर उडून जाते आणि क्षार मागे ठेवते. सोडियमचे प्रमाण वाढले, तर मातीचे कण सुटे होऊन पोकळ्या बुजतात आणि जमीन चोपण, म्हणजे पाणी न मुरणारी, होते. मग तिला जिप्सम द्यावे लागते आणि पाण्याला बाहेर पडायला वाट करून द्यावी लागते.

ती वाट म्हणजे भूमिगत सच्छिद्र पाईप निचरा. शेतात ठरावीक अंतरावर चर खणून छिद्रे असलेले, गाळणीने गुंडाळलेले पाईप मीटरभर खोलीवर उताराने टाकतात आणि त्यांतले खारे पाणी मुख्य पाईपमधून ओढ्याकडे नेतात. शिरोळमध्ये अशा पद्धतीने पडीक झालेली शेते पुन्हा पिकाखाली आणली गेली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. पण हा खर्च शेतकऱ्याने जमीन बिघडल्यावर, कर्ज काढून करायचा आणि कालवा मात्र सरकारी निधीतून आधी यायचा, ही क्रमवारी मला पटत नाही. माणदेशात उथळ मुरमाड माळावर निचरा चांगला असल्याने धोका कमी आहे. पण येरळा, माण या नद्यांच्या काठच्या खोल काळ्या पट्ट्यात तो खरा आहे आणि वरच्या माळाला दिलेले पाणी झिरपून शेवटी याच पट्ट्यात उतरते.

माळाकडेही नीट पाहायला हवे. सरकारी नोंदींत पडीक म्हणून लिहिलेल्या या गवताळ जमिनी धनगरांच्या मेंढ्यांचे चराऊ रान आहेत आणि लांडगा, खोकड, धाविक, चंडोल यांचे घर आहे. पाणी आले की माळ नांगरला जातो, आणि तिथले गवत एकदा मुळासकट गेले तर सहजी परत येत नाही. सोलापूरजवळच्या नान्नजला १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झाले, तरी हा पक्षी तिथे जवळपास नाहीसा झाला आहे.

आणि नदीचे काय? दिवाळीच्या सुमारास कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) घातले, की पंचगंगा एकामागून एक साठलेल्या डोहांची रांग होते. उन्हाळ्यात वरून पाणी कमी सुटले आणि सांडपाणी मात्र रोजचे येत राहिले, तर पाण्यातला प्राणवायू संपून मासे मरतात. म्हणून बाहेर नेण्याचा उपसा पावसाळ्यातल्या जास्तीच्या प्रवाहापुरता ठेवावा आणि हिवाळा-उन्हाळ्यातल्या किमान प्रवाहाला हात लावू नये, अशी अट योजनेतच घातली पाहिजे.

पाणी कशाला द्यायचे हे ठरवायला एक टीएमसीचे तीन उपयोग शेजारी मांडावेत. माणशी दररोज ५५ लिटर या हिशेबाने ते सुमारे १४ लाख माणसांना वर्षभर पुरते. पाटपाण्यावरच्या उसाला हेक्टरी वीस हजार घनमीटर धरले, तर तेवढ्यात साधारण चौदाशे हेक्टर ऊस होतो. हेक्टरी चार हजार घनमीटरवर भागणारी ज्वारी, कडधान्ये किंवा डाळिंबासारखी ठिबकवरची पिके घेतली, तर क्षेत्र सात हजार हेक्टरवर जाते. या आकड्यांपुढे माझे मत स्पष्ट आहे: पिण्याचे पाणी व जनावरे पहिली, मग बंद पाईपमधून प्रत्येक कुटुंबाला मोजून दिलेले हलक्या पिकांचे पाणी, आणि या योजनांच्या लाभक्षेत्रात पाटपाण्यावरच्या नव्या उसाला परवानगी नाही. कालव्याचा अंदाजपत्रकी खर्च मांडताना काळ्या जमिनीच्या पट्ट्यातल्या निचऱ्याचा खर्च त्याच कागदावर यावा, आणि कालव्याला पाण्याचे पहिले आवर्तन सुटण्याच्या आधी गावागावांत निरीक्षण विहिरी ठरवून भूजलाची पातळी व क्षारांचे प्रमाण मोजून ठेवावे, म्हणजे पाणी चढायला लागल्याचे शेत पांढरे पडण्याच्या बऱ्याच आधी कळेल.