ठाणे किल्ला व कारागृह : खून, बंड आणि फाशी

ठाणे खाडीकाठी, कळव्याच्या पुलाजवळ असलेला पोर्तुगीज बांधणीचा किल्ला. सध्याचे ठाणे मध्यवर्ती कारागृह. बांधकाम १७३० च्या सुमारास सुरू झाले. १७३७ मध्ये तो मराठ्यांनी घेतला, १७७४ मध्ये इंग्रजांनी. वास्तू म्हणून त्याची माहिती इतरत्र मिळते. राजकीय हिंसेचा विचार करणाऱ्याला मात्र या तटाआड ठेवलेली माणसे अधिक महत्त्वाची वाटतील.

त्यांतला पहिला त्रिंबकजी डेंगळे, दुसऱ्या बाजीराव पेशव्याचा विश्वासू कारभारी. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात खून झाला. संशय त्रिंबकजीवर आला. शास्त्री इंग्रजांच्या हमीवर पुण्याला आले होते, म्हणून पुण्यातला इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन याने बाजीरावाकडून त्रिंबकजीला मागून घेतले आणि ठाण्यात डांबले. पहाऱ्यावर मुद्दाम गोरे शिपाई नेमले. तिथेच फसगत झाली. तबेल्यातला एक मोतद्दार घोडा खरारताना मराठी गाणी म्हणे आणि त्यातूनच सुटकेचा बेत कैद्याच्या कानी जाई, असे सांगतात. पहारेकऱ्यांना ते निव्वळ गाणे. सप्टेंबर १८१६ मध्ये त्रिंबकजी पसार झाला. पुढच्या वर्षी पुण्याचा अपमानास्पद तह, मग खडकीची लढाई, आणि १८१८ मध्ये पेशवाईच संपली. या सगळ्याचे मूळ त्या एका खुनात शोधणे भाबडेपणाचे आहे. वसईच्या तहापासून (१८०२) पेशव्यांचे हात बांधलेलेच होते. खुनाने इंग्रजांना निमित्त दिले.

राघोजी भांगरे यांची गोष्ट निराळी. पेशवाईनंतर सह्याद्रीतल्या महादेव कोळ्यांची किल्ल्यांवरची चाकरी गेली, हक्क गेले, कर्ज वाढले. त्यातून राघोजींनी उभारलेल्या बंडाचा रोख सरकारइतकाच सावकारांवर होता. सावकारांची नाके कापल्याच्या नोंदी आहेत. २ मे १८४८ रोजी राघोजींना इथे फाशी झाली. कंपनीच्या लेखी ते दरोडेखोर, आज आद्यक्रांतिकारक. दोन्ही शब्दांत ते कापलेले नाक बसवणे अवघड जाते, म्हणून बहुतेक लेखक ते वगळतात.

नाशिकच्या कटात हा पेच सर्वांत टोकदार होतो. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. जॅक्सन संस्कृतचा जाणकार. लोक त्याला पंडित म्हणत. बदली झाली होती, प्रयोग निरोपाचाच होता. पण बाबाराव सावरकरांना कवितांपायी जन्मठेप लागली ती त्याच्याच जिल्ह्यातल्या खटल्यातून. त्याचा सौजन्याचा बुरखा राज्य टिकवण्यासाठीच आहे, हे क्रांतिकारकांचे म्हणणे. माणूस भला असणे आणि तो ज्या सत्तेचा अंमल चालवतो ती भली असणे या दोन गोष्टी वेगळ्या, हे मान्य केले तरी गोळी लागते ती माणसालाच. कान्हेरे तेव्हा अठराच्या आसपासचे.

१९ एप्रिल १९१० रोजी कान्हेरे आणि कटातले त्यांचे साथीदार कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांना इथे फाशी दिली. देह नातेवाइकांना दिले नाहीत.

आजही इथे कैदी आहेत. २ मे आणि १९ एप्रिलला अभिवादनासाठी लोक हार घेऊन येतात. पंढरपुरात मारल्या गेलेल्या शास्त्र्यांच्या नावाने कोणी येत नाही.