अखंड चाचणी, लिनक्स कर्नलची

लिनक्स कर्नलच्या (हार्डवेअर आणि इतर प्रोग्रॅम यांच्यामधल्या गाभ्याच्या) स्रोतसंहितेत बदल होताच तिचे बिल्ड करणे, म्हणजे तिच्यापासून चालणारा कर्नल तयार करणे, ते यंत्रावर सुरू करून पाहणे, नेमलेल्या चाचण्या चालवणे आणि बिघाड आढळल्यास तो कोणत्या बदलामुळे आला ते संबंधितांना कळवणे, ही साखळी माणसाने हात न लावता चालू ठेवण्याची पद्धत. कर्नलची नवी आवृत्ती साधारणपणे ९ ते १० आठवड्यांनी निघते आणि तिच्यात बहुधा १०,००० हून अधिक कमिट (नोंदवलेले स्वतंत्र बदल) असतात.

या पद्धतीचा आरंभ कोठून धरावा याबाबत एकमत नाही. ‘अखंड एकात्मीकरण’ (प्रत्येक बदल लगेच मुख्य संहितेत मिसळून तपासणे) या संकल्पनेचे नाव ग्रेडी बूच यांच्या १९९० च्या दशकातील लेखनापर्यंत मागे नेतात. परंतु कर्नलच्या संदर्भात ते दूरचे ठरते. काही जण २००० च्या सुमारास एसजीआय कंपनीने सुरू केलेल्या ‘लिनक्स टेस्ट प्रोजेक्ट’ला आद्यत्व देतात. तो मुख्यतः चाचण्यांचा संग्रह होय. त्या केव्हा आणि कोणी चालवायच्या हा प्रश्न त्याने सोडवला नव्हता. दुसरे मत आरंभ २००६ मध्ये धरते: त्या वर्षी मार्टिन ब्लाय आणि अँडी व्हिटक्रॉफ्ट यांनी कर्नलच्या संपूर्ण स्वयंचलित चाचणीवरील निबंध ओटावा येथील लिनक्स परिसंवादात मांडला. तिसऱ्या मतानुसार खरा आरंभ इंटेलच्या ‘झीरो-डे’ यंत्रणेपासून, म्हणजे साधारण २०१२-१३ पासून होतो, कारण विकासकांच्या स्वतंत्र गिट शाखा (गिट ही संहितेतील बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली) तपासून दोष थेट पॅच, म्हणजे तो बदल, लिहिणाऱ्याला कळवण्याची रीत तिने रूढ केली. चाचण्या माणसाविना चालत राहण्याचे सातत्य हाच निकष धरल्यास दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

उभारणीत बिल्डचा भाग तुलनेने सोपा असतो; प्रोसेसरच्या प्रत्येक प्रकारासाठी कंपायलर आणि निवडक कॉन्फिगरेशन ठेवले की काम भागते. कस लागतो तो प्रत्यक्ष बोर्डावर, म्हणजे चाचणीच्या यंत्रावर. वीजपुरवठा रिलेने बंद-चालू केला जातो, बूटलोडर (यंत्र सुरू होताना कर्नल चढवणारा छोटा प्रोग्रॅम) नेटवर्कवरून नवा कर्नल उतरवून घेतो आणि नियंत्रक संगणक सिरियल कन्सोलवरच्या (बोर्डाकडून तारेने येणाऱ्या मजकुराच्या) ओळी वाचत राहतो. ठरलेल्या वेळेत लॉगिनची ओळ आली तर बूट यशस्वी. ‘कर्नल पॅनिक’ची (कर्नल सावरता न येणाऱ्या चुकीमुळे थांबल्याची) ओळ आली किंवा बोर्ड गप्पच राहिला तर अपयश. मात्र हे अपयश कर्नलचेच असते असे नाही. सैल वायर किंवा खराब मेमरी कार्डही तोच निकाल देते, आणि असे खोटे इशारे वाढले की मेंटेनर (कर्नलच्या एकेका भागाची जबाबदारी असलेले विकासक) खऱ्या इशाऱ्यांकडेही काणाडोळा करू लागतात.

दोषी कमिट शोधण्यासाठी ‘गिट बायसेक्ट’ वापरतात. चांगल्या आणि बिघडलेल्या अवस्थांमधील कमिटांचा पल्ला दर वेळी निम्मा केला जातो, त्यामुळे १,००० कमिटांत सुमारे १० आणि १०,००० कमिटांत सुमारे १४ बिल्ड-बूट पुरतात. अधूनमधूनच उद्भवणाऱ्या दोषापुढे मात्र ही रीत लंगडी पडते: वाटेत एखादा बिघडलेला कर्नल योगायोगाने नीट सुरू झाला, तर पुढचा सगळा शोध चुकीच्या अर्ध्यात जातो आणि निरपराध कमिटावर ठपका येतो. म्हणूनच अहवाल पाठवण्यापूर्वी संशयित कमिट आणि त्याच्या लगतचे पूर्वीचे कमिट पुन्हा तपासणे इष्ट.

गूगलचा ‘सिझबॉट’ (२०१७ पासून) लिहून ठेवलेल्या चाचण्यांवर विसंबत नाही. कर्नलचा कोणता भाग चालला याची नोंद पाहत तो सिस्टिम कॉलच्या (प्रोग्रॅम कर्नलकडे करतात त्या मागण्यांच्या) नव्या मालिका रचतो आणि शक्य तेथे दोष पुन्हा घडवणारा छोटा प्रोग्रॅमही देतो. घटकचाचण्यांसाठीची (संहितेचे छोटे भाग सुटे तपासण्यासाठीची) ‘केयुनिट’ चौकट ५.५ या आवृत्तीपासून कर्नलमध्येच आहे.

‘कर्नलसीआय’ या प्रकल्पात निरनिराळ्या संस्थांच्या प्रयोगशाळा आपापल्या बोर्डांवरचे निकाल एकत्र जमा करतात. २०१९ मध्ये तो लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आला. ज्या ड्रायव्हरचे हार्डवेअर अशा कोणत्याच प्रयोगशाळेत नाही, त्याची तपासणी बहुधा बिल्डपुरतीच राहते.